दोनशे चार राखून ठेवली आहे

समुपदेशक बाई अकरा वाजता येणार होत्या, आणि घर पुरेसं विस्कटलेलं दिसत नाही या काळजीने छकुली हैराण झाली होती.

छकुली हे अप्पांनी ठेवलेलं लाडाचं नाव. आता वय अठ्ठेचाळीस, वजन विचारू नये. नोकरी एका कंपनीच्या तक्रार विभागात, घरबसल्या फोनवर. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ असं गोड आवाजात म्हणायचं. तिची स्वतःची गैरसोय म्हणजे अप्पा, तिचे वडील. जन्मभर हॉटेलात मॅनेजर होते. स्मृतिभ्रंश झाल्यापासून रात्री-अपरात्री उठून घरभर दिवे लावायचे आणि पाहुण्यांच्या खोल्या तयार आहेत ना, ते बघायचे. हल्ली ते तिला छकुली म्हणत नसत, ‘अहो बाई’ म्हणत. तिला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटून घ्यायलासुद्धा माणसाची थोडी झोप झालेली असावी लागते.

म्हणून तिने वृद्धांच्या डे केअर केंद्रात अर्ज केला होता. आठवड्यातून दोन दिवस अप्पा तिथे, आणि ती अंथरुणात. जागा एकच होती आणि आज घर बघून केंद्राच्या या बाई काय ते ठरवणार होत्या. तेव्हा छकुलीने बेत आखला, की काही म्हणजे काही आवरायचं नाही. अप्पांनी बेसिनमध्ये ठेवलेली चप्पल बेसिनमध्येच राहू द्यायची.

बेल वाजली आणि बेत तिथेच आडवा झाला. बेल म्हणजे पाहुणा! छकुली दूध फ्रीजमध्ये ठेवून धावत येईपर्यंत अप्पा केसांवरून हात फिरवून दारात ताठ उभे होते.

“या, या! प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“नाही हो, जवळच राहते मी,” बाई खूश होऊन म्हणाल्या.

“बसा. पंखा लावू, की खिडकी उघडू?”

छकुली आ वासून बघत राहिली. याच गृहस्थांनी सकाळी ब्रेडला टूथपेस्ट लावून खाल्ला होता.

“अप्पा, आज वार कोणता?” बाईंनी कामाला सुरुवात केली.

“तुमच्यासारखे पाहुणे आले की आमचा रविवारच!”

बाई खळखळून हसल्या.

“बघितलंत? वार सांगितलाच नाही त्यांनी!” छकुली फणकारली. “अशी टोलवाटोलवी करतात.”

“बरं, तुम्ही सांगा.”

“गुरुवार.”

“मंगळवार आहे, ताई.”

“हां, म्हणजे तेच.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. विषय बदलावा म्हणून छकुलीने चहा केला. बाईंनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. अप्पांनीही चव घेतली.

“माफ करा हं,” ते अदबीने म्हणाले, “मीठ पडलंय. किचनमध्ये माणूस नवीन आहे.”

नवीन माणसाला घाम फुटला. आता पुरावाच दाखवते, म्हणून ती अप्पांचा रात्रीचा व्हिडिओ असलेला फोन शोधू लागली. गाद्या उलटल्या, कपाटं उपसली. फोन सापडला फ्रीजमध्ये, गारठलेला.

“हे बघा! असं काहीही कुठेही ठेवतात!” ती विजयाने ओरडली.

“ताई, मघाशी चहा करताना दुधाबरोबर तुम्हीच ठेवलात. मला इथून दिसलं,” बाई शक्य तेवढ्या हळुवारपणे म्हणाल्या. “आणि तुमचा कुर्ता उलटा आहे.”

दुनियेच्या तक्रारी निस्तरणाऱ्या छकुलीला स्वतःची तक्रार धड मांडता येईना. बाईंनी पेन मिटलं.

“बाबा छान आहेत हो. खरं सांगू? मला तुमचीच काळजी वाटतेय. पण जागा एकच आहे, आणि दुसऱ्या एका घरी फारच बिकट अवस्था आहे.”

छकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस गेले हातचे, तेही स्वतःच्या मूर्खपणाने. बाईंनी बॅग उचलली.

बॅग बघताच अप्पा लगबगीने उठले. “अहो, बॅग तुम्ही कशाला उचलता? माणूस देतो ना.” त्यांनी खिळ्यावरची घराची किल्ली काढून बाईंच्या हातात ठेवली. “एकशे तीन. गरम पाणी सकाळी मिळेल.”

बाई थबकल्या. “अप्पा, मी निघालेय.”

“आत्ता तर आलात! दोनशे चार मात्र मागू नका हं. सगळ्यात शांत खोली, पण राखून ठेवली आहे.”

“कोणासाठी?”

“आमची छकुली यायचीय. शाळेतून दमून येते पोर. घटकाभर पडते तिथे.”

बाई परत खाली बसल्या. “कुठे असते छकुली?”

“मीच ती,” उलट्या कुर्त्यातून आवाज आला.

अप्पांनी वळून बघितलं. “अरे वा! तुमचंही नाव छकुली?”

बाईंनी बॅग खाली ठेवली. मग त्यांनी पेन पुन्हा उघडलं. “सोमवार आणि गुरुवार चालतील?”

“चालतील!” छकुलीने नाक पुसलं. “फक्त आज काय आहे, ते परत एकदा सांगा.”

पहिल्या सोमवारी केंद्रात पाऊल टाकताच अप्पांनी दाराजवळचं टेबल ताब्यात घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत सुरू केलं. छकुली घरी जाऊन झोपणार होती. नवी चादर घालून ठेवली होती, फोनही बंद केला होता. सँडलचा पट्टा तेवढा नीट करावा म्हणून ती तिथल्या सोफ्यावर टेकली आणि बसल्या जागी घोरायला लागली.

“ताई, उठा, घरी जाऊन झोपा ना,” तिथल्या सिस्टरने तिला हलवलं.

“शूऽऽ! उठवू नका त्यांना,” अप्पांचा दबका आवाज आला. “फार दमलेल्या दिसतात. दोनशे चार देऊन टाका.”

“पण ती तर तुमच्या छकुलीची ना?” सिस्टरला पहिल्या तासातच सगळं हॉटेल पाठ झालं होतं.

अप्पांनी थोडा विचार केला. “असू दे. छकुली काही म्हणायची नाही. समजूतदार आहे ती.”

छकुलीला केव्हाच जाग आली होती. अंगावर अप्पांची शाल पडली, तरी तिने डोळे उघडले नाहीत. खोली रिकामी करायची तिला अजिबात घाई नव्हती.