अनरिमार्केबल हृदयाचा छडा

"शब्द कितीही लांबलचक असो, माझ्यासमोर आला की आपोआप फुटतो आणि कबुलीजबाब देतो," असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. ओळीत न मावणारा इंग्रजी शब्द कुठे तोडायचा, हे ठरवण्याची त्यांची छापखान्यात नोकरी. उरलेल्या वेळात ते गुप्तहेर असतात. मी त्यांची सहायक; लग्न ठरताना हे कुणी बोललं नव्हतं.

परवा संध्याकाळी माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला. चक्कर येते म्हणून त्याने तपासण्या करून घेतल्या होत्या आणि अहवालात हृदयापुढे एकच शब्द होता : अनरिमार्केबल. आम्ही पोचलो तेव्हा तो सोफ्यावर आडवा पडून वहिनीला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते समजावत होता.

"अहो, त्या मीच ठेवते," वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली.

यांनी भिंग काढलं. "अन म्हणजे नाही. रिमार्क म्हणजे शेरा. एबल म्हणजे करता येण्याजोगं. दादा, तुमच्या हृदयावर साधा शेरा मारणंही डॉक्टरांना जमलेलं नाही."

"इतकं बिघडलंय?" दादाने उशी छातीशी धरली.

"अहो, जरा बेताने," मी म्हणाले.

"थांब. आता उच्चाराप्रमाणे तोडू. अन, रि, मार, के, बल." यांचे डोळे चमकले. "मधोमध मार, शेवटी बल! कुणीतरी या हृदयाला बळाने मार दिलाय. दादा, घरात तुमच्याशी कोण भांडतं?"

घरात दोघंच राहतात.

"काल पडद्यांच्या रंगावरून थोडं झालं होतं," वहिनी पुटपुटली.

"हेतू सापडला!"

वहिनी डोळे पुसत आत गेली. संशयित पळू नये म्हणून यांनी मला मागच्या दाराशी उभं केलं. तिथून मला ती फोनवर बोलताना ऐकू आली. मग तीच बाहेर येऊन म्हणाली, "डॉक्टरांना विचारलं. अनरिमार्केबल म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. हृदय ठणठणीत आहे. उपाशीपोटी फिरायला जातात, म्हणून चक्कर येते."

"म्हणजे शेरा मारण्याजोगं काही नाही! मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतोय?" भिंग पुसत हे म्हणाले.

दादा उठून बसला. आता मरायचं नाही म्हटल्यावर त्याला अपमान जाणवला. "इतकी वर्षं धडधडतंय, आणि त्यात विशेष असं काहीच नाही?"

"एवढं कळायला मशीन कशाला लागलं?" वहिनी म्हणाली. "मला विचारायचं."