वापरातील खंड

जावक विभागात एकतीस वर्षे काढल्यामुळे कार्यालयात त्याला सगळे 'जावक'च म्हणत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा आणि तो कागद पुढे खरोखर कुठे पोहोचतो याची चौकशी करायची नाही, हे त्याचे काम. ते तो चोख करी. मुख्य लिपिकाची खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती आणि ज्येष्ठतेच्या यादीत पहिले नाव त्याचे होते. ती आता मिळाली नाही, तर निवृत्तीपर्यंत मिळणार नव्हती.

अशा नाजूक वेळी संचालक एका परिसंवादाहून परतले. जुने कपडे नव्या ढंगाने घातले की माणूस बांधेसूद दिसतो आणि पृथ्वीही वाचते, असे त्यांना तिथे कळले होते. दोन्ही कामे कार्यालयीन वेळेत उरकण्यासारखी असल्याने त्यांनी ताबडतोब परिपत्रक काढले: 'दर शुक्रवारी सर्व कर्मचाऱ्यांनी विंटेज वस्त्रे आधुनिक व शोभून दिसतील अशा रीतीने परिधान करावीत. सदर बाबीस पदोन्नतीत वीस गुण राहतील.'

आयुष्यात प्रथमच एखादे परिपत्रक जावकच्या अंगाला बरोबर बसत होते. त्याच्याकडे तपकिरी चौकड्यांचा कोट होता. लग्नाच्या वर्षी बायकोने स्वतः शिवलेला. तेव्हा ती शिवण शिकत होती, त्यामुळे कॉलरची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर रुंद झाली होती. तो कोट तो रोजच घालत असल्याने शुक्रवारसाठी वेगळे काही करायचे नव्हते.

"इस्त्री मारून देऊ का?" बायकोने विचारले.

"नको. जुना दिसला पाहिजे."

"त्याची काळजी तुम्ही करू नका," ती म्हणाली.

शुक्रवारी दारातच वस्त्र-वयोमान पडताळणी समिती बसली होती. अध्यक्षस्थानी नव्याने नेमलेल्या शैली सल्लागार होत्या. त्यांचे वय पंचविशीच्या आतले, म्हणजे जगातल्या बहुतेक वस्तू त्यांच्यापेक्षा जुन्याच असणार, या हिशेबाने जावकला धीर आला. लेखापाल परवाच विकत घेतलेली ढगळ पँट घालून आला होता. सोबत दुकानाचे प्रमाणपत्र: 'मूळ वापरकर्ता अज्ञात गृहस्थ, अंदाजे साठ वर्षांपूर्वी.' तो पास झाला. आस्थापना शाखेतल्या बाईंनी जीन्सवर कुण्या परक्या आजीचा ब्लाउज घातला होता. स्वतःच्या आजीचे त्यांनी मागेच फरशी पुसायला काढले होते. त्याही पास झाल्या.

"प्रमाणपत्र?" सल्लागारबाईंनी जावकला विचारले.

"प्रमाणपत्र नाही, मॅडम. लग्नाचा फोटो आहे." फोटो बरोबर आणायला तो विसरला नव्हता. एवढी वर्षे नोकरी काही उगाच केली नव्हती.

बाईंनी फोटो उजेडात धरला. "यात कोट हिरवा दिसतोय."

"फोटोचा रंग गेलाय. जुना झालाय ना."

"मग फोटो विंटेज धरता येईल," त्या समजुतीने म्हणाल्या. "कोटाचं बघू. हा मधे किती वर्षं पडून होता?"

"पडून कशाला राहील? रोज घालतो."

समितीने एकमेकांकडे पाहिले.

"अहो, मग हा विंटेज नाही. हा नुसता जुना आहे."

"त्यात फरक काय?"

"विंटेज म्हणजे एकानं टाकलेलं आणि दुसऱ्याला सापडलेलं. तुम्ही टाकलाच नाहीत. तुमचा वापर सलग आहे. वापरात खंड हवा."

खंड हा शब्द जावकला नवा नव्हता. सेवेत खंड पडला तर पेन्शन हातची जाईल, या भीतीने त्याने दोनदा अंगात ताप घेऊन क्रमांक टाकले होते. आता खंड नाही म्हणून वीस गुण चालले होते. काही मार्ग आहे का, असे त्याने विचारले. मार्ग होता, तो असतोच. कोट नव्वद दिवस अभिलेख कक्षात जमा करायचा, म्हणजे खंड प्रमाणित होतो. मुलाखत शंभराव्या दिवशी होती. त्याने तिथल्या तिथे कोट उतरवला आणि पोच घेतली.

"मला विचारलंत?" घरी बायको म्हणाली.

"कोट माझाच आहे ना?"

"शिवला मी. तुम्ही नुसते आत होतात."

नव्वद दिवस तो नुसत्या शर्टावर कामाला गेला. कोटाची त्याला फार आठवण येई. पेन शोधत हात छातीशी जाई आणि रिकामा परत येई. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

एक्क्याण्णवाव्या दिवशी तो पोच घेऊन अभिलेख कक्षात गेला.

"अभिनंदन," अभिलेखपाल म्हणाला. "कोट विंटेज झाला."

"द्या मग."

"तुम्हाला कसा देणार? पूर्वीच्याच वापरकर्त्याकडे गेला तर खंड क्षमापित होतो. वापर पुन्हा सलग. सापडायला दुसरा माणूस लागतो. काल संचालकसाहेबांना सापडला."

शुक्रवारी संचालकांनी तो घातला. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आत पांढरा टीशर्ट, खाली घोट्याच्या वर थांबलेली पँट. त्यांना तो खरोखर शोभत होता, हे जावकलाही मनातल्या मनात कबूल करावे लागले. सल्लागारबाई कॉलरपाशी थबकल्या. "हा असमतोल बघा. काय धाडस आहे!"

"ते चुकून झालंय, मॅडम," जावक म्हणाला. ते कुणी नोंदवून घेतले नाही.

घरी त्याने हे सांगितले तेव्हा बायको हसली नाही. "आतल्या खिशाची शिवण उसवली होती. तेवढी घालून घ्या म्हणावं त्यांना," एवढेच बोलून ती मशीनवर जाऊन बसली. जावकला आपली लाज वाटली.

मुलाखतीला संचालक कोटातच होते.

"वीस गुण गेले, ते सोडा. अनुभव किती?"

"एकतीस वर्षं, साहेब. इथेच."

"सलग?"

"एका दिवसाचाही खंड नाही," तो अभिमानाने म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आले.

"तिथंच तर घोडं अडतं हो," संचालक हळहळले. "हा अनुभव नाही, हा मुक्काम झाला."

खुर्ची मागच्या मुख्य लिपिकांनाच मिळाली. निवृत्त होऊन ते शंभराहून अधिक दिवस घरी बसले होते. संचालकांना ते सापडले, आणि 'अनुभवी सल्लागार' म्हणून करारावर परत आले. आदेशावर क्रमांक जावकने टाकला.

कोटातल्या संचालकांचा फोटो कार्यालयाने सर्वत्र पाठवला. वर मथळा: 'जुन्याचा सन्मान'. मागे खिडकीत शर्टावरचा एक माणूस आला आहे. त्याला कापणार होते, पण धूसर आहे म्हणून चालून गेला. चार हजारांवर नागरिकांनी अंगठा दाबून पसंती कळवली. त्यांची यादी कार्यालयात उपलब्ध आहे. आपले नाव तीत आहे का, हे पाहायचे असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा. उत्तर त्याच खिडकीतून मिळेल. ते घेताना आतल्या माणसाकडे बघण्याची आवश्यकता नाही. आजवर आपण कधी बघितलेले नाही.