काय अडतं विचारणाऱ्या चौबळबाई

चौबळबाई नमस्कार घेत नसत. तुम्ही हात जोडले की त्या ते सोडवत, उजवा आपल्याकडे ओढत आणि बाजारात भेंडी मोडून बघावी तसं एकेक बोट वाकवून बघत. मग विचारत, "काय अडतं?"

"अंगठा जरा दुखतो," असं कुणी म्हटलं की संपलंच. "दुखतं ते डॉक्टरला सांग. मला अडतं काय ते सांग. नळ? बटण? कुलूप?"

बाई मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. म्हणजे काय, हे वाशीच्या त्यांच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या पाटीवर कुणीतरी त्यांच्या नावामागे 'डॉ.' लावलं, तर बाईंनी ते चाकूने खरवडून काढलं. "डॉक्टर सांधा बघतो. त्या सांध्याने करायचं काम मी बघते."

मी तेव्हा वाशीजवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांतल्या बायकांची संघटना बांधत होते. एका गेट-मीटिंगला बाई आपण होऊन आल्या. आमच्या अध्यक्षांनी मूठ वर करून घोषणा दिली. बाई पुढे झाल्या आणि ती मूठ हवेतच धरली. "ही पुरती मिटत नाही. काय अडतं?" अध्यक्ष माइकपासून तोंड लांब नेऊन पुटपुटले, "शर्टाचं वरचं बटण. बायको लावते."

त्या बायका औषधाच्या बाटल्यांची झाकणं हाताने पिळायच्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लोकांच्या दुखण्याच्या गोळ्या ज्या बाटल्यांत जातात, त्या बंद करताना ह्यांची मनगटं जातात आणि मालक म्हणतो, बाईमाणसाचा वात आहे. हे मी पत्रकात छापलं होतं. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही.

त्याच सुमारास रुग्णालयाने समिती नेमली. सांध्यांच्या रुग्णांसाठी आधी कशावर संशोधन करायचं, ते ती ठरवणार. समितीत सगळे धडधाकट हातांचे डॉक्टर. बाईंना एक विषय सुचवायची मुभा होती. एकच. आणि दोन महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. त्यानंतर त्यांना कोण विचारणार?

"ज्यांचे हात अडतात, त्याच ठरवतील," बाई म्हणाल्या.

पावण्याच्या समाजमंदिरात त्यांनी सहा वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटीपुढे एकेक वस्तू: ओलं फडकं, कुलूप, हुकांचा ब्लाउज, भाकरीची परात, कारखान्यातलं झाकण आणि कंगवा. प्रत्येक बाईला पाच चिंचोके. जे जास्त अडतं, त्या वाटीत टाकायचे.

मी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, एकूण एक चिंचोका झाकणाच्या वाटीत. एकजूट म्हणजे एकजूट! झाकणाची वाटी सांडली आणि बाकीच्या पाच कोरड्या राहिल्या.

बाईंनी वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पत्रकवाले, मी प्रश्न विचारला होता. तू मोर्चा काढलास."

"मग चुकलं काय? हात तिथेच गेले ना त्यांचे?"

"गेले. त्यासाठी तू मालकाशी भांड, मी गेटवर येऊन बसते. पण घरी गेल्यावर ह्यांना काय करता येत नाही, ते तुला माहीत आहे?"

माहीत नव्हतं. बाईंनी मला बाहेर पायरीवर बसवलं, वाट्यांपुढे चादर बांधली आणि एकेकीला आत पाठवलं.

कंगव्याची वाटी जिंकली.

मी उसळलेच. "केस? हातांची वाट लागलीय आणि तुम्हाला केसांचं पडलंय?"

गावातली गुलाब पुढे आली. कधी सभेत तोंड न उघडणारी. "ताई, तुमी वरडू नका. कपरं मी पायानं धुते. भाकर सासू थापते. पन लेकीची येनी? बोटं वलत नाय. रोज तिला शेजारनीकरं धारते. आता पोरगी सकाली उठली का तिकरंच पलते. माज्याकरं येतच नाय."

ज्यांच्या नावाने मी पत्रकं काढत होते, त्यांना मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

समितीत हशा झाला म्हणे. "मॅडम, आपण ब्यूटी पार्लर काढतोय का?" असं एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी तिथल्या तिथे त्यांच्या बोटांना लाकडी पट्ट्या बांधल्या, हातात कंगवा दिला आणि म्हणाल्या, "भांग पाडा." डॉक्टरांचा कंगवा दोनदा कानात गेला. तिसऱ्यांदा चष्मा पडला. विषय मंजूर झाला.

पहिला प्रयोग गुलाबच्याच घरी. बाईंनी लांब दांड्याचा कंगवा करून आणला होता, दांड्याला सायकलच्या मुठीचं जाड रबर. गुलाबला खुर्चीत बसवलं, कोपरं टेकायला मांडीवर उशी दिली आणि लेकीला पुढे पाटावर बसवलं, म्हणजे हात वर उचलायला नको. बराच वेळ लागला. मुलगी आरशाकडे धावली.

"वाकरी हाय," ती म्हणाली. गुलाबने सोडायला हात पुढे केला, तशी ती मागे सरली. "नको. राहू दे."

आणि तशीच शाळेत गेली.

मी वही काढली. पण बाई उठेनात. "मोठ्या माणसाच्या केसांवरही एकदा बघायला हवं," त्या म्हणाल्या. "प्रयोग आहे." अंबाड्याचे आकडे काढून ओठांत धरले आणि पाटावर जाऊन बसल्या, गुलाबकडे पाठ करून. पांढरे केस पाठभर उतरले. बाईंच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. कधी नव्हतंच.

गुलाबने हळूच कंगवा लावला. बाईंनी डोळे मिटले.

"बाय, दुकतं का?"

बाईंनी ओठांतले आकडे हातात घेतले. "नाही गं," त्या म्हणाल्या. "सावकाश घाल."