सुधारलेला पत्ता

शाळेची शेवटची परीक्षा आमच्या देशात तीनदा देता येते. पहिली खेप मुलाची, दुसरी आईबापांची आणि तिसरी शेजाऱ्यांची जिरवण्यासाठी, असा कोलंबोला खेटून असलेल्या आमच्या नुगेगोडच्या गल्लीचा अलिखित नियम आहे. विजेतुंग साहेबांच्या सेनुलीचा निकाल पहिल्याच खेपेला चांगला लागला. म्हणजे पोरीचं कुठेही भलं झालं असतं, फक्त डॉक्टर होता आलं नसतं. सबब तो निकाल नापास समजण्यात आला.

दुसऱ्या खेपेला सेनुलीची आई कुमुदिनीबाई रोज विहारातल्या बोधिवृक्षाला पाणी घालून आल्या. पेनंसुद्धा भिक्खूंकडून मंतरून आणली. गुण वाढले. पण गल्लीतली झाडून सगळी मुलं निकाल सुधारायला बसली होती, त्यांचेही वाढले, आणि सेनुलीचा क्रमांक होता त्याच्याही खाली घसरला.

"अहो, पोरीने आणखी किती सुधारायचं?" कुमुदिनीबाई रडकुंडीला आल्या.

"पोरगी ठीक आहे," साहेब म्हणाले. "आपला पत्ता कच्चा आहे. तो सुधारू."

मागास जिल्ह्यातल्या मुलांना डॉक्टरकीसाठी कमी गुण पुरतात, हे धोरण साहेबांना तोंडपाठ होतं. ग्रामीण उन्नतीच्या कामात त्यांचा मोठा हुद्दा होता आणि या धोरणावर भाषण करताना त्यांचा गळा दाटून येत असे. अट एकच, तिथे तीन वर्षं राहिलेलं असावं. साहेब गाडी काढून थेट अशाच एका जिल्ह्यातल्या दिवुलवेव गावी गेले. तिथे एक तलाव, एक रसायनाच्या मास्तरांशिवायची शाळा आणि एक डॉक्टरशिवायचा दवाखाना होता. मोठ्यांकडे काही मागताना द्यायच्या आमच्या रिवाजाप्रमाणे विड्याच्या पानांची चवड दोन्ही हातांनी पुढे करून त्यांनी ग्रामसेवक गुणतिलक यांना वाकून नमस्कार केला.

"तीन वर्षं राहताय असं लिहून देऊ? साहेब, मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय!"

"मग तुमचं लक्ष नसेल."

गुणतिलक विचारात पडले. मग त्यांनी आपलं दुखणं सांगितलं. नातवाला कोलंबोच्या मोठ्या शाळेत पहिलीला घालायचं होतं आणि शाळेला जवळपासचा पत्ता हवा होता. पानं स्वीकारण्यात आली. त्या दुपारी सेनुली तीन वर्षांची जुनी दिवुलवेवकर झाली, आणि गुणतिलकांचा नातू जन्मापासूनचा नुगेगोडकर. इकडचं भांडं तिकडे हललं नाही.

पत्त्यासाठी घर लागतं. तलावाच्या बांधाखाली सोमावतीबाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांची चतुरिका मागच्या खेपेला डॉक्टरकीला केसाएवढ्या फरकाने हुकली होती. रसायन तिने पुस्तकातून एकटीनेच केलं होतं.

"सेनुलीताई इथे राहायला येणार? बरंच झालं, रसायन दोघी मिळून करू," ती हरखून म्हणाली. "माझी ही शेवटची खेप आहे, काका. आता हुकले तर संपलंच."

"कागदोपत्री येणार आहे, बाळ," साहेब प्रेमाने म्हणाले.

आमच्या गल्लीत गुपित आणि फणसाचा वास लपत नाही. महिन्याभरात अख्खी गल्ली दिवुलवेवला राहायला गेली. माझा मुलगा दिनेथही गेला. गुणतिलकांना नातवंडं, भाचे, पुतणे भरपूर होते, त्यामुळे कोणाचीच गैरसोय झाली नाही. सोमावतीबाईंच्या दोन खोल्यांत चाळीसेक मुलं राहू लागली. घरात चटया मात्र दोनच होत्या.

निकाल लागला. मागच्या वर्षी ज्या गुणांवर डॉक्टर होता आलं असतं, त्याहून जास्त गुण चतुरिकाला पडले होते. पण जिल्ह्याची प्रवेशाची रेषा तोवर पार वर चढली होती. तिच्या पुढे गेलेली बहुतेक मुलं तिच्याच घरातली होती.

गावात सत्कार झाला. सोमावतीबाईंनी रांधलेला किरिबत, म्हणजे आमचा सणाचा, वड्या पाडलेला नारळी दूधभात, वाटण्यात आला. "खेडं काय करू शकतं, हे या एका घराने दाखवून दिलं!" साहेबांचा गळा दाटून आला.

"काका, आता मी काय करू?" चतुरिकाने विचारलं.

"खचायचं नाही. पुन्हा बसायचं, निकाल सुधारायचा."

"तिन्ही खेपा झाल्या माझ्या."

साहेबांनी किरिबताचा आणखी एक तुकडा घेतला.

सेनुली डॉक्टर झाली, आणि त्याच वर्षी हुकूम निघाला की प्रत्येक नव्या डॉक्टरने आधी आपल्या मूळ गावात सेवा करावी. दिवुलवेवच्या दवाखान्यावर 'डॉ. सेनुली विजेतुंग' अशी पाटी लागली. डॉक्टरीणबाई नुगेगोडलाच राहिल्या. आपण तिथे कधीच राहत नव्हतो, असा दाखला आणायला साहेब पुन्हा पानांची चवड घेऊन निघाले. दिनेथसाठी मीही गेलो. गुणतिलकांच्या दारात आमच्या गल्लीची भर उन्हात रांग लागली होती.

"तेव्हा माझं लक्ष नव्हतं, साहेब," गुणतिलक म्हणाले. "आता आहे. तुम्ही इथलेच!"

साहेब ओरडायला गेले आणि छाती धरून खाली बसले. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तिथे चतुरिका रोग्यांची नावं लिहून घेण्याच्या कामावर होती.

"डॉक्टरला बोलवा!" साहेब कण्हले.

"डॉक्टर तुमच्याच घरी आहेत, काका," ती म्हणाली.

मोठं इस्पितळ लांब होतं. तीनचाकीत साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन चतुरिकाच बसली. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण सगळे तिकडे धावल्यामुळे रांग मोकळी झाली होती. मी पानं पुढे केली, गुणतिलकांच्या आणखी एका पुतण्यासाठी माझा पत्ता देऊ केला आणि माझं काम झालं.

साहेब वाटेतच गेले. मृत्यूच्या दाखल्यावर गुणतिलकांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, कायमचे राहणार दिवुलवेव.

तुम्हाला आमची शिसारी आली असेल तर ती योग्यच आहे. फक्त तुमच्या लेकराच्या शाळेच्या अर्जावर पत्ता कोणाचा घातलाय, मामाचा की आत्याचा, तेवढं आठवा आणि मग थुंका.