रिकाम्या ट्रकचं डिझेल

आमचे शेजारी रमणकाका वापीला चिकू उतरवून रिकामा ट्रक घेऊन परत येतात, तरी वाटेत कुणी विचारलं तर सांगतात, "लोड आहे."

मी तलासरीच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी कैनाडला घरी यायला मला त्यांचाच ट्रक सोयीचा. पण केबिनमधली खिडकीकडची सीट मला कधीच मिळाली नाही. "मास्तर, तुम्ही इकडे बसा," म्हणत ते मला मधल्या इंजिनाच्या झाकणावर बसवतात. मे महिन्यात माझी पार भाकरी होते. ब्रेक मारताना त्यांचा डावा हात माझ्या छातीवरून पलीकडे जातो आणि त्या रिकाम्या सीटपुढे आडवा थांबतो. मी काचेवर आपटलो तरी चालेल!

काकी गेल्यापासून हे असं चाललंय.

मी विज्ञान शिकवतो. भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं करतो. पण अंधारून आलं, चढावर तो रिकामा ट्रक भरल्यागत कण्हू लागला आणि शेजारची सीट कुरकुरली, की मी तिकडे बघत नाही. एकदा बघितलं होतं. सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं होतं, आणि मी बघत असताना ते हळूच आणखी खाली गेलं.

"काका, गाडीत कुणी नाही हो," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"मग पिते कशी एवढी? माणूस खोटं बोलेल मास्तर, डिझेल नाही बोलायचं."

शेवटी मीच त्यांना चारोटीच्या मिस्त्रीकडे नेलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून हसला.

"काका, टायर केवढे मोठे टाकलेत! चाक जड, इंजिनला ओढायला जोर लागतो. वर मोठं चाक एका फेरीत रस्ता जास्त कापतं, ते मीटरला कळत नाही. गाडी धावते जास्त, मीटर दाखवतो कमी. ॲव्हरेज पडणारच ना! कंपनीचा साइज टाका, बधूं, सगळं बराबर होऊन जाईल."

मला हायसं वाटलं. एवढे दिवस मी टायरला घाबरत होतो तर! काकांच्या अंगणात पडलेले कंपनीच्या साइजचे जुने टायर पुढच्या रविवारी मीच उत्साहाने ट्रकमध्ये चढवले. चारोटीला जॅक लागला, पहिल्या चाकाचे नट निघाले, आणि काकांनी टायरवर हात ठेवला.

"थांब रे जरा."

मिस्त्री थांबला.

"तुमच्या काकीला दवाखान्यात न्यायचो ना मास्तर, तेव्हा खड्ड्यांत फार धक्के बसायचे तिला. कळवळायची. म्हणून हे मोठे टाकले. तेव्हापासून गाडी जास्त पिते. ती गेली तरी पितेच आहे." ते टायरवरची माती नखाने खरवडत राहिले. "आता बदलले, आणि डिझेल वाचायला लागलं तर?"

"तर चांगलंच की काका!"

"मग गाडीत खरंच कुणी नाही, असं होईल ना."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकलो, धुळीत पडलेले नट गोळा केले आणि त्याच्या हातात दिले.

"आवळ," मी म्हटलं.