मुख्य राउटर कोणाचा?

बाळाला पाळणाघरात सोडून, मागे तीनदा वळून बघत ती रजेनंतर कामावर रुजू झाली, तर तिच्या खुर्चीत बदलीवर आलेली मुलगी ऐसपैस बसलेली.

"मॅडम, उठू का?"

"राहू दे गं," ती म्हणाली. म्हणजे ऊठ. मुलगी बसूनच राहिली.

खुर्चीचं एक वेळ चाललं असतं. पण भिंतीवरचा, राउटरांची यादी दाखवणारा पडदा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीत विक्री, हिशेब आणि गोदाम अशी तीन जाळी, आणि तिघांचे राउटर एकाच सामाईक तारेवर. ते आपसांत क्रमांक बघून एक मुख्य नेमतात, एक उपमुख्य. मुख्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. आजवर हा ठिपका तिच्या विक्रीच्या राउटरचा होता. तिच्या रजेत तो एकदा बंद पडला आणि मान गेला हिशेबाच्या राउटरकडे. तो बसवला होता या मुलीने.

साहेबांना राउटरमधलं ओ की ठो कळत नसे. ठिपका मात्र कळे. "नवी शाखा कोणाला द्यायची? ज्याचा ठिपका, त्याला! चहा घेऊन येतोच बघायला."

नवी शाखा पाळणाघराच्या समोरच होती. तिने घाईघाईने आपल्या राउटरला सगळ्यांत वरचा क्रमांक दिला. ठिपका ढिम्म.

"एकदा बसलेला मुख्य उठत नाही मॅडम," मागून मधाळ आवाज आला. "नंतर कितीही मोठं कोणी येवो."

"मला शिकवतेस?"

"छे हो! रजेत विसरायला होतं ना, म्हणून म्हटलं."

रजा म्हणे! सहा महिने सलग झोप नाही, आणि ही रजा! ती तडक यंत्रांच्या खोलीत गेली आणि हिशेबाच्या राउटरची पिन उपटली.

"अहो, बिलं अडकली!" बाहेरून ओरडा झाला. दारातून दिसणाऱ्या पडद्यावर हिरवा ठिपका विझला, पुन्हा उमटला. गोदामापुढे! मुख्य पडला की उपमुख्य चढतो, वरचा क्रमांक गेला खड्ड्यात. संतापाच्या भरात एवढं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तिने घाबरून पिन परत खोचली. हिशेबाचा राउटर जागा झाला आणि निमूट शेवटी जाऊन बसला.

मुलगी धावत आली. "माझा राउटर कोणी मारला?"

"पिन सैल होती."

"माझी पिन सैल नसते!"

"बरं, सरक. गोदामात जाऊन तिथला राउटर बंद करून येते."

"म्हणजे ठिपका तुम्हाला? वरच्या क्रमांकामुळे आता उपमुख्य तुमचाच आहे, दिसतंय मला." मुलगी दारात हात पसरून उभी राहिली. "मी नाही सरकणार."

"अगं, माझं बाळ लहान आहे!"

"माझं लग्न व्हायचंय!"

तेवढ्यात साहेबांचा आवाज आला. "वा! गोदाम! बोलवा त्याला."

गोदामवाला हातावरची धूळ झटकत आला. "काय चुकलं साहेब?"

"नवी शाखा तुझी."

"कसली शाखा?"

"बघा, किती साधा माणूस!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि धूळ उडाली.

दारातले हात हळूहळू खाली आले.

"ताई," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "हा त्या राउटरवर डबा गरम करतो."

"डबा? मोजे वाळवताना बघितलंय मी!"

"शी! अजून काय काय करतो?"

"चल, चहा घेऊ," तिने मुलीचा हात धरला. "सगळं सांगते."