लाडू प्रसाद की मिठाई, या वादाची हकीकत

श्री. कीर्तनकार बुवांच्या गळा हार, श्रोत्यांच्या मुखी नाम, आणि लिहिणाराच्या लेखणीस थोडी लाज असावी, इतके मागून हकीकत लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, एका थोर राज्यात करसल्ल्याची दौलत नांदत होती. किल्ला काचेचा, मजला सातवा, आणि दौलतीचे धनी प्रभाकरपंत देवस्थळी, मोठे मुत्सद्दी, ज्यांनी तीस वर्षांत कोणास होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. व्यापारी लोक येऊन पुसत की महाराज, हा कर आम्हांस लागतो की लागत नाही, आणि मग पंत बेचाळीस पानांचे सल्लापत्र देत, ज्यात एकेचाळीस पाने 'एका दृष्टीने पाहता' आणि 'दुसऱ्या दृष्टीने पाहता' यांत सरत, आणि शेवटच्या पानी लिहिलेले असे की या पत्रावर विसंबून काही करू नये. या विद्येस राज्यात फार मान होता.

त्या दौलतीत रेवती निरगुडकर नामे मुलगी विद्यापीठात दुसरी येऊन उमेदवारीस राहिली. तीर्थरूप सदाशिवबुवा, गावोगाव कीर्तने करणारे हरिदास. ही लहानपणापासून त्यांच्या मागे पेटीच्या साथीला बसे, आणि बुवांनी ऐन निरूपणात थांबून 'मग देवानं काय केलं?' म्हणून पुसले की मागून खड्या आवाजात उत्तर देणे हे हिचे काम. बुवांनी पुसावे आणि हिने सांगावे, हा रिवाज अंगी असा मुरला की झोपेतही चुकत नसे. दौलतीत रिवाज उलटा. हिने मसुद्यात 'आहे' लिहावे, वरच्या सरदाराने 'असावे' करावे, त्याच्या वरच्याने 'असू शकते' करावे, आणि पंतांनी 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' करून संतोषाने मान डोलवावी. निनाद चौबळ म्हणून दोन वर्षे जुने शिलेदार होते, त्यांनी ममतेने शिकवले की बैठकीत उमेदवाराने टिपण घ्यावे, कपाळाला आठ्या घालाव्यात आणि ओठ मिटून ठेवावेत. उत्तर देणाऱ्याचे या किल्ल्यात भले झालेले नाही. रेवतीबाईंनी हे वहीत उतरून घेतले, कारण पाडव्याच्या आदल्या दिवशी कायमपणाची सनद मिळायची होती, आणि न मिळाली तर बॅग भरून परत गावी जायचे, जिथे बुवा प्रत्येक कीर्तनात लेकीच्या चाकरीचे कौतुक आधीच सांगून चुकले होते.

मग फाल्गुनात बन्सीलालशेठ दरबारी आले. देवळाबाहेर चार दुकाने, राजगिऱ्याचे लाडू, पुडक्यावर देवाची तसबीर. सवाल इतकाच की देवळात मिळणाऱ्या प्रसादास कर नाही, तर आमच्या लाडवास का असावा. पंत उठले, हात पाठीमागे बांधले, काचेतून दूर आकाशाकडे पाहिले आणि संथ आवाजात बोलिले, "आता प्रसाद म्हणजे तरी काय?" आणि थांबले. थांबणे ही पंतांची कला, त्या थांबण्याचे वेगळे शुल्क असे. पण मागच्या खुर्चीवरून खडा आवाज आला, "वाटला जातो तो प्रसाद, बाबा. विकला जातो ती मिठाई. कर लागतो."

चौबळांनी आपल्या टिपणात तोंड घातले. पंत हसले आणि म्हणाले की हे मुलीचे खासगी मत आहे, दौलतीचे मत बेचाळीस पानांनी कळवू. आणि शेठ गेल्यावर रेवतीबाईंस बोलावून घेतले.

"तुम्ही उत्तर दिलंत."

"हो सर. सवयीने गेलं."

"तीस वर्षांत इथे कुणी दिलं नव्हतं. सनदेचं पाडव्याआधी बघू." इतके बोलून मान फिरवली.

रेवतीबाईंनी जिन्यात उभे राहून बुवांस फोन केला, सनद गेल्यातच जमा आहे म्हणून सर्व हकीकत सांगितली. बुवांनी पुसले, "बाबा कोणाला म्हणालीस, मला की त्यांना?" त्यांना, म्हणताच बुवा इतके हसले की ठसका लागला. मग आवाज उतरवून बोलिले, "बाळ, पुसणाऱ्याला मागून कुणी उत्तर दिलं नाही, तर तो एवढ्या सभेत एकटा पडतो. तुझे साहेब तीस वर्षं एकटेच पडलेत. तू साथ केलीस, चूक काय केलीस?" बाईंनी डोळे पुसले, पण सनदेची काळजी काही गेली नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बन्सीलालशेठ पिशवीत सल्लापत्र घालून आपणहून आले, आणि सर्वांदेखत बोलिले, "पंत, हे मी वाचलं, मुनीमजीने वाचलं, जावयाने वाचलं. तिघांचे तीन अर्थ निघाले. पोरीचं बोलणं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, खरंय, विकतोस ना, मग मिठाईच. मी कर भरतोय. माझ्या तिन्ही भावांची कामंही तुमच्याकडे आणतो, पण बोलणार ही." पंत क्षणभर विचारात पडले, आणि तीन भावांची कामे हे शब्द कानी पूर्ण उतरताच त्यांस स्मरले की ते वाक्य मुळात दौलतीचेच होते, आपणच ते बाईंकडून वदवले होते. सनद तत्काळ निघाली. शेवटी कलम घातले की उत्तर ठाऊक असल्यास ते बेचाळीस पाने भरण्याआधी प्रकट करू नये. रेवतीबाईंनी कलम दोनदा वाचले, "असं असू शकतं," म्हणाल्या, आणि सही केली.

येणेप्रमाणे दौलत स्थिर जाहली. सल्लापत्र आजही बेचाळीस पानांचेच निघते आणि त्यावर आजही विसंबू नये. फरक पडला तो एवढाच, की पंत हात पाठीमागे बांधून 'आता याचा अर्थ तरी काय?' म्हणून पुसतात तेव्हा नजर आकाशाकडे जात नाही. मान किंचित मागे वळते, आणि ते वाट पाहतात. हरिदासांस साथ लाभो, लिहिणारास क्षमा.